२८चा कार्ब, ९७चं इंजिन

आमच्या गावात, चकलांब्यात, माणसाची पत पूर्वी बैलजोडीवरून ठरायची, मग ट्रॅक्टरवरून ठरू लागली. हल्ली पोराच्या मोटारसायकलच्या आवाजावरून ठरते. आवाज वाढवायचे दोन मार्ग आहेत. सायलेन्सर पोकळ करायचा, हा गरिबाचा मार्ग. त्याला पैसे पडत नाहीत, उलट आतली जाळी भंगारात जाते. दुसरा मार्ग खर्चाचा आहे, म्हणून प्रतिष्ठेचा: कंपनीचा कार्बोरेटर काढून मोठा टाकायचा. सायलेन्सरवाल्याला गाव टवाळ म्हणतं. कार्बवाल्याबद्दल मात्र पारावर जरा आवाज खाली घेऊन सांगतात, "त्याला गाडीतलं कळतंय."

त्याला काय कळतं, हे मी बऱ्याचदा ऐकलेलं आहे. सिद्धांत असा: इंजिनाला हवा लागते आणि पेट्रोल लागतं. दोन्ही कार्बमधून जातं. कार्बचं भोक मोठं केलं की हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणजे दम जास्त. ही मांडणी इतकी सरळ आहे की ऐकणारा मान डोलवूनच मोकळा होतो. गॅरेजच्या बाकड्यावर ती ऐकताना मला शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितांची आठवण होते. तिथेही दहा मजूर भिंत दहा दिवसांत बांधत, तर शंभर मजूर एका दिवसात. त्या शंभर जणांनी उभं कुठं राहायचं, हे पुस्तक सांगत नसे.

कार्ब हवा आत ढकलत नाही. हवा इंजिन ओढतं. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते, ती भरायला हवा येते. आता आपल्याकडे ज्या गाडीवर अर्ध्याहून जास्त संसार चालतो ती स्प्लेंडर घ्या. १९९४ साली आली, इंजिन ९७.२ सीसीचं, आणि ते सीसी आजतागायत तसंच आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. जास्तीत जास्त ताकद ते साधारण ८००० फेऱ्यांना देतं, म्हणजे मिनिटाला ४००० श्वास. गुणाकार केला तर मिनिटाला ३९० लिटरच्या आसपास हवा होते, तीही सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरला असं धरून, जे होत नाही. एवढी हवा द्यायला कंपनीने जो कार्ब बसवलाय तो पुरतो. त्याच्या जागी २८ मिलिमीटरचा बसवला म्हणून पिस्टन आणखी खाली जात नाही. सिलिंडर तेवढाच, श्वास तेवढाच.

तुलनेला बुलेट आहेच. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या ३५० बुलेटला, जी आली की पोरं रस्ता सोडून उभी राहायची, कंपनी कार्ब द्यायची २४ मिलिमीटरचा. ३४६ सीसीचं इंजिन त्या २४च्या भोकातून श्वास घेत डोंगर चढून गेलं. आणि आमच्या ९७ सीसीला २८शिवाय गुदमरल्यासारखं होतंय! हे मी एकदा बाकड्यावर बोललो. क्षणभर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, "काका, बुलेटची गोष्ट निराळी. ती जुन्या लोकांची गाडी हाय."

मोठ्या कार्बने नुसता फायदा होत नाही एवढंच असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. हौसेला मोल नसतं. पण त्याने नुकसान होतं, आणि ते का होतं हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला अजिबात अवघड नाही. विहिरीवरच्या तीन एचपीच्या मोटरीला दोन इंची पाईप आहे, धार लांब जाते. तो काढून चार इंची लावला तर पाणी वाढतं का? मोटर तीच, पाणी तेवढंच. फक्त धार पाईपाच्या तोंडाशीच मान टाकते. मग आपण काय करतो? पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबतो. वाट अरुंद केली की पाणी वेगाने सुटतं.

कार्बमध्ये हा अंगठा कंपनीने आधीच दाबून ठेवलेला असतो. मधली वाट मुद्दाम निमुळती केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब उतरतो. हे डॅनियल बर्नुली नावाच्या स्विस गणितज्ञाने १७३८ साली पुस्तकात मांडलं. पुढे १७९७ मध्ये इटलीच्या जोव्हानी वेंचुरीने निमुळत्या नळीवरचे प्रयोग छापले, म्हणून तसल्या नळीला आजही वेंचुरीच म्हणतात. दाब उतरला की खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपोआप वर ओढलं जातं आणि वाऱ्याच्या झोतात त्याचा तुषार होतो. पेट्रोल वर चढवायला कार्बमध्ये दुसरं कुठलंही यंत्र नाही. सगळा कारभार त्या ओढीवर.

आता हिशेब बघा. समजा भोक २० मिलिमीटरचं होतं ते २८चं केलं. व्यास थोडाच वाढला असं वाटतं, पण क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. हवा तेवढीच, वाट दुप्पट, म्हणून वेग निम्मा. आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने बदलते, म्हणून ओढ राहिली पाव. चार आण्यांच्या ओढीत पेट्रोल नीट वर येत नाही. जे येतं त्याचा तुषार न होता थेंब पडतात. थेंब पूर्ण जळत नाहीत. मूठ पिळली की गाडी आधी "भ्वाँऽ" करते, मग "घप्प" करते, मग विचार करते, आणि मग निघते. त्या घप्पच्या काळात मागून आलेली म्हाताऱ्याची लूना पुढे निघून गेलेली मी पाहिलेली आहे. लूनावाल्याला आपण शर्यत जिंकली याचा पत्ताही नव्हता.

हे सगळं कमी फेऱ्यांना सर्वांत जास्त जाणवतं, आणि चकलांब्याच्या रस्त्यांवर कमी फेऱ्या सोडून दुसरं काही नाही. इथली मोटारसायकल सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघते, दुपारी खताची पोती टाकीवर आडवी घेते, संध्याकाळी तिघं जण आणि मधे एक लेकरू घेऊन पाहुण्यांकडे जाते. गेवराईच्या रस्त्याला जरा मोकळं डांबर लागतं तोवर पुढे कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली आडवी येते. ८००० फेऱ्या इंजिन बघणार कधी? बघितल्या तर फक्त चिखलात रुतल्यावर, आणि तेव्हा चाक फिरतं, गाडी नाही.

तरी मोठा कार्ब बसवलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो, "लई फरक पडला बरं का! आधी चौथ्यावर रडायची, आता पळायलीय नुसती." ही माणसं खोटं बोलत नाहीत. मला या गोष्टीचा उलगडा बरेच दिवस झाला नव्हता. तो गॅरेजात बसून झाला.

गाडी गॅरेजात येते तेव्हा मालक सांगतो, पिकअप नाही. मिस्त्री विचारतो, "कार्ब कधी साफ केलता?" मालक आभाळाकडे बघतो. एअर फिल्टर काढला तर त्यातून आपल्या शेतातलीच एवढी माती निघते की तिचा वेगळा सातबारा काढावा. चेन लोंबकळलेली, क्लच प्लेटा गुळगुळीत, प्लग कोळशासारखा, मागचा ब्रेक चाकाला घासतोय. बारक्या जेटच्या भोकात पेट्रोलचा राळेसारखा चिकटा. या सगळ्या आजारांना मालकाने स्वतः एक नाव शोधून आणलेलं असतं: "कार्ब बारका पडतोय." मग नवा मोठा कार्ब येतो. तो बसवायचा म्हणून फिल्टरचा डबा निघतो, प्लग नवा पडतो, चेन ताणली जाते, हातासरशी मिस्त्री ब्रेकही ढिला करतो. गाडी साहजिकच उडते. श्रेय कार्बला जातं. जुना कार्ब शंभर रुपयांत धुऊन परत लावला असता तर तीच गाडी तशीच, किंबहुना जास्त पळाली असती. पण धुतलेल्या कार्बची बढाई पारावर मारता येत नाही. "मी कार्ब साफ केला" या वाक्याला कोणी चहा पाजत नाही.

शिवाय फिल्टर काढल्यावर हवा आत जाताना जो घोगरा आवाज येतो, त्याने गाडी ऐंशीने चालली असली तरी शंभरचा भास होतो. मोजायला साधन नाही. स्पीडोमीटरची केबल तुटून मुलगा बारावी झालेला असतो. आपल्याकडे वेग मोजायचं माप म्हणजे डोळ्यांतून निघणारं पाणी, आणि ते फिल्टर काढल्यावर उडणाऱ्या धुळीनेही येतं. तीच धूळ आत जाऊन सिलिंडर खरवडते. वर्षभरात रिंगा जातात, गाडी निळा धूर सोडू लागते. मालक गॅरेजात येऊन सांगतो, पिकअप नाही.

यात खरं आणि खोटं सगळ्यात जास्त कालवलं गेलंय ते आरएक्स १०० या गाडीबाबत. १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा वर्षं ती तयार झाली, आणि तेव्हापासून तिच्या गोष्टी तयार होताहेत. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. दोन स्ट्रोकचं इंजिन असल्याने ते प्रत्येक फेरीला श्वास घेतं. म्हणून तेवढ्याच सीसीत स्प्लेंडरच्या मानाने त्याची तहान मोठी. कंपनीने तिला मिकुनीचा २० मिलिमीटरचा कार्ब दिला होता. आज कोणाकडे धड आरएक्स असेल तर त्याला लग्नाच्या बाजारातही भाव आहे. अशा गाडीला पोरं ऑनलाइन मागवलेला, नावाचा नुसता ठसा असलेला २८चा कार्ब लावतात.

इथे मात्र गंमत संपते. चार स्ट्रोकच्या गाडीत कार्ब चुकला तर मालक चिडतो, एवढंच. दोन स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल पेट्रोलाबरोबरच आत जातं. मोठा कार्ब आणि अंदाजाने टाकलेला जेट यांची जोडी जुळली नाही, हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, तर पिस्टन तापतो आणि धावत्या गाडीत जाम होतो. मागचं चाक तिथल्या तिथे अडतं. ज्याला क्लच दाबायचं सुचतं तो गॅरेजात येतो. ज्याला सुचत नाही त्याला बीडला न्यावं लागतं. प्लगचा रंग बघून जेट ठरवायची विद्या मिस्त्रीकडे असते, पांढरा पडला तर भूक, काळा पडला तर अजीर्ण, विटकरी निघाला तर तब्येत ठीक. पण त्यासाठी गाडी पळवायची, थांबवायची, प्लग काढायचा, जेट बदलायचा, पुन्हा पळवायची असा अख्खा दिवस जातो. मिस्त्री म्हणतो, "कार्बला पैसे देतेत, माझ्या दिवसाला कोणी देत न्हाई."

आमच्याकडे एकाने पल्सर २२०चा कार्ब स्प्लेंडरला बसवला होता. तो ३२ मिलिमीटरचा. त्याची मजा अशी की त्यात मूठ पिळल्यावर झडप थेट वर जात नाही. ती रबरी पडद्याला टांगलेली असते, आणि इंजिन जेवढी ओढ देईल तेवढीच वर उचलली जाते. म्हणजे स्वार हुकूम देतो, पण कार्ब आधी इंजिनाची ऐपत तपासतो आणि तेवढंच उघडतो. ९७ सीसीची ऐपत बघून त्या झडपेने जे जागेवर बसून घेतलं, ती कार्ब काढेपर्यंत हललीच नाही म्हणे. एवढा व्यवहारी सल्लागार आमच्या सोसायटीतही नाही. आणि हा कार्ब काही कमी दर्जाचा नव्हे. बजाजने २००७ मध्ये २२० आणली ती फ्युएल इंजेक्शनची होती. २००९ मध्ये कंपनीनेच इंजेक्शन काढून तिला हा कार्ब लावला, किंमत उतरवली, आणि 'फास्टेस्ट इंडियन' म्हणून तिची जाहिरात केली. कार्ब चांगलाच आहे. त्याच्याखाली २२० सीसी लागतात.

मग मोठा कार्ब कधीच उपयोगाचा नाही का? आहे की. आधी इंजिनाचं डोकं कोरून पोर्ट मोकळे करा, कॅम बदला, कॉम्प्रेशन वाढवा, धूर बाहेर जायची वाट मोकळी करा, बोअर मोठा करून पिस्टन वाढवा. एवढं झालं की इंजिनाचा श्वास मोठा होतो, आणि मग जुना कार्ब खरोखरच बारका पडतो. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर जे पळवतात त्यांना हे सगळं माहीत असतं. कार्ब त्यांच्या यादीत शेवटी येतो. आमच्याकडे तो पहिला येतो आणि शेवटचाही तोच.

याचा उलटा पुरावा राजदूत ३५० देते. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० इथे आणली. दोन सिलिंडर, दोन कार्ब. मूळ गाडीला ३९ अश्वशक्ती होती. पण आपल्याकडचा पहिला प्रश्न 'किती देती?' हाच, म्हणून कंपनीने तिचा दम तिशीवर आणि पुढच्या आवृत्तीत सत्तावीसवर आणला. तो मुख्यतः एक्झॉस्टची वाट आवळून आणला. आजही त्या गाडीचे जाणकार दम परत मिळवायला निघतात ते सायलेन्सरच्या बाजूने. तरीही ती फार देत नव्हती, आणि बंद पडली. देशाने तिच्या जागी स्प्लेंडर निवडली, याबद्दल शर्यतवाल्यांना दुःख आहे, दूधवाल्यांना नाही.

आता एक असं प्रकरण, ज्यात पोरांचं म्हणणं थोडंसं बरोबर निघतं.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून कोयते निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक भरतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात पाली पडतात. गाव निम्मं रिकामं होतं. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि छपराखाली स्टँडवर लावलेली एखादी जुनी मोटारसायकल मागे राहते. कारखान्यात ऊस जातो, साखर निघते, मळी निघते, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल. ते इथेनॉल हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. म्हणजे आमच्याच माणसांनी कोयत्याने तोडलेला ऊस फिरून आमच्याच टाकीत येतो, फक्त येताना लिटरच्या भावाने येतो.

आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. चार-पाच महिने उभ्या गाडीच्या कार्बमध्ये, वाटीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो, उरलेलं पेट्रोल सुकून चिकटा होतो. मार्चनंतर कोयते परत येतात, मालक हौसेने किक मारतो, मारतच राहतो, मग शेजारी मारतो, मग पाहुणा मारतो. शेवटी गाडी ढकलत गॅरेजात. मिस्त्रीचा खरा हंगाम म्हणून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, गाळप संपल्यावर सुरू होतो.

पण गणित असं आहे. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका भागाला हवेचे साधारण पावणेपंधरा भाग लागतात, इथेनॉलला नऊ. म्हणजे वीस टक्के मिश्रणासाठी तेवढ्याच हवेत थोडं जास्त इंधन लागतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक बऱ्यापैकी सांभाळून घेतो. जुना कार्ब कोणाचंच सांभाळत नाही. साध्या पेट्रोलच्या काळात ज्या मापाचा जेट बसवला, त्याच मापाने तो आजही वाढतो. गाडी किंचित उपाशी राहते, सकाळी चोक जास्त मागते, मूठ पिळताना अडखळते. अशा गाडीला एक नंबर मोठा जेट टाकला तर फरक पडतो. खरा फरक, शपथ न घेता सांगण्याजोगा. तो जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, करंगळीच्या नखावर मावतो, किंमत चहा-भज्यांएवढी. मिस्त्रीने एका पोराला तो दाखवला आणि म्हणाला, "एवढंच पायजे तुझ्या गाडीला." पोराने तो चिमटीत धरून बराच वेळ बघितला. "हे बाहेरून दिसल का?" त्याने विचारलं. दिसणार नाही म्हटल्यावर त्याचा रस गेला.

कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यातलं कलम ५२ सांगतं की कंपनीने नोंदवलेल्या गाडीत मूळ तपशिलाला सोडून फेरफार करायचा नाही. चकलांब्याला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, त्यामुळे कायदा लांब आहे असं म्हणायची सोय नाही. पण पकडायला आवाज लागतो, आणि आवाज सायलेन्सरचा येतो. शहरांत पोलीस तसले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो. कार्बवर रोडरोलर फिरवल्याचा फोटो मी पाहिलेला नाही. तो टाकीखाली लपलेला असतो, आणि त्याची शिक्षा पेट्रोलपंपावर परस्पर होऊन जाते. साठ-पासष्ट देणारी गाडी चाळीसवर आली, तर दंड कोणाला भरला एवढाच फरक.

खरं म्हणजे हा वादच आता म्हातारा झालाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. स्प्लेंडरचासुद्धा गेला. त्या जागी सेन्सर, इंजेक्टर आणि सीटखाली एक काळी डबी आली, जी हवा किती, पेट्रोल किती हे स्वतःच ठरवते. तिला चोक नाही, कॉक नाही, रिझर्व्ह नाही, पिळायचा स्क्रू नाही. मला वाटलं, चला, आता बाकड्यावर दुसरा विषय निघेल.

परवा गॅरेजात एक पोरगं नवी गाडी घेऊन आलं. पासिंग होऊन पंधरा दिवसही झाले नसतील. हँडलला हार तसाच, वाळलेला. मिस्त्रीने हात पुसत विचारलं, "काय त्रास द्यायलीय?"

"त्रास काय न्हाई मिस्त्री," ते म्हणालं. "तेवढी डबी बारकी वाटायलीय. यापेक्षा मोठी मिळती का?"